मोजायला कारण द्या

चार-पाच वर्षांच्या मुलासमोर सात चिंचोके ठेवा आणि विचारा, "किती आहेत?" एकेकावर बोट ठेवत ते सातपर्यंत येईल. लगेच पुन्हा विचारा, "मग एकूण किती?" काही मुलं ठामपणे "सात" म्हणतात, तर काही पुन्हा पहिल्या चिंचोक्यापासून मोजायला लागतात. आता मोठा ढीग पुढे सरकवून म्हणा, "मला यातले पाच दे." शंभरपर्यंत न अडखळता अंक म्हणणारं मूलसुद्धा इथे मूठभर चिंचोके उचलून देऊ शकतं.

मुलाला किती म्हणता येतं, हे पाहुण्यांसमोर कळतं. त्याला काय समजलं आहे, हे या तीन प्रश्नांतून कळतं. लहान वयातल्या गणितात ही दुसरी गोष्ट मोलाची आहे. पुढची बेरीज, वजाबाकी, पाढे, अपूर्णांक हे सगळं तिच्यावर उभं राहतं.

हा लेख पालकांसाठी, अंगणवाडीच्या ताईंसाठी आणि पहिली ते तिसरीच्या शिक्षकांसाठी आहे. त्यातलं मुख्य सांगणं एकच: मुलाला काहीतरी जाणून घ्यायचं असतं, तेव्हा ते मनापासून मोजतं. म्हणून मोजणी शिकवणं आणि साधी माहिती गोळा करून ती मांडायला शिकवणं, ही दोन कामं वेगळी ठेवू नका. मुलाला मोजण्याचं कारण द्या.

म्हणणं वेगळं, मोजणं वेगळं

रोशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली लहान मुलांच्या संख्याज्ञानावर एक पुस्तक लिहिलं. मोजण्यामागे पाच नियम असतात, अशी मांडणी त्यांनी केली. हे नियम लक्षात ठेवले, तर मूल नेमकं कुठे अडलं आहे ते घरच्या घरी ओळखता येतं.

पहिला नियम क्रमाचा. संख्यांची नावं दर वेळी त्याच क्रमाने यायला हवीत. "चार, सहा, पाच" असं म्हणणाऱ्या मुलाला वस्तू देऊन उपयोग नाही. त्याच्याबरोबर जिना चढताना, झोका देताना, दोरीवरच्या उड्या मारताना मोठ्याने मोजत राहा.

दुसरा नियम एकास एक जोडीचा. प्रत्येक वस्तूला एकच नाव मिळालं पाहिजे, कुठलीही वस्तू सुटता कामा नये आणि कुठलीही दोनदा मोजली जाता कामा नये. मुलाचं तोंड बोटाच्या पुढे धावत असेल, तर बोट दाखवून मोजायला लावू नका. प्रत्येक चिंचोका उचलून वाटीत टाकायला सांगा. वस्तू हलवली की मोजलेलं आणि न मोजलेलं आपोआप वेगळं होतं.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. शेवटी उच्चारलेली संख्या ही शेवटच्या वस्तूचं नाव नसते, ती सगळ्या समूहाची संख्या असते. "मग एकूण किती?" या प्रश्नावर पुन्हा मोजायला लागणाऱ्या मुलाला हे अजून उमगलेलं नाही. मोजून झाल्यावर सगळ्या वस्तूंभोवती हात फिरवत "हे सगळे मिळून सात" असं म्हणा. मग "पाच दे", "तीन आण" अशी कामं सांगा. ताटं मांडताना, पोळ्या वाढताना, देवापुढे फुलं ठेवताना अशी कामं भरपूर मिळतात.

चौथा नियम असा, की मोजण्याजोगं काहीही मोजता येतं. देवळातल्या घंटेचे ठोके, बेडकाच्या उड्या, वाक्यातले शब्द हेही मोजून पाहायला लावा. पाचवा नियम, सुरुवात कुठूनही केली तरी संख्या बदलत नाही. रांगेतल्या वाट्या एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा मधूनच मोजायला सांगा आणि प्रत्येक वेळी मोजण्याआधी विचारा, "आता किती येतील?" वाट्या दूर दूर ठेवल्या की त्या जास्त झाल्या, असं बऱ्याच लहान मुलांना वाटतं. त्यांना समजावून सांगण्यापेक्षा पुन्हा मोजू द्या.

न मोजता ओळखणं

तीन किंवा चार वस्तू आपण मोजत नाही, त्या नजरेला एकदम कळतात. ही क्षमता मुलांमध्येही असते आणि ती पुढे नेता येते. फाशावरचे पाच आणि सहा ठिपके ठरावीक आकारात असल्यामुळे सापशिडी खेळणारं मूल ते काही दिवसांत न मोजता ओळखतं. त्यामुळे फाशाचे खेळ हा वेळेचा अपव्यय नाही. सापशिडीत फाशावर चार पडल्यावर मूल आपली सोंगटी उभ्या असलेल्या घरापासूनच "एक" म्हणायला लागतं, ही नेहमीची चूक आहे. "आपण उभे आहोत ते घर मोजायचं नाही, उडी मोजायची," हे खेळताखेळताच सांगा. संख्यारेषेचा हा पहिला धडा आहे.

कागदावर वर पाच आणि खाली पाच अशा दहा घरांची चौकट आखा. तिच्यात मुलाला सात मणी ठेवायला सांगा. वरची ओळ भरली आणि खाली दोन आले, म्हणजे सात हे पाच आणि दोन. तीन घरं रिकामी राहिली, म्हणजे दहाला तीन कमी. एका चौकटीतून सातचे दोन संबंध दिसले. दहाच्या सगळ्या जोड्या (नऊ-एक, आठ-दोन, सात-तीन) मुलाला अशा डोळ्यांनी पाठ झाल्या, की हातच्याच्या बेरजेची निम्मी अडचण आधीच सुटते.

एका वाटीखाली मणी लपवण्याचा खेळही करून पाहा. पाच मणी मोजून झाका. मुलासमोर आणखी दोन आत सरकवा आणि विचारा, "आता आत किती?" दिसत नसल्यामुळे मुलाला "पाच"च्या पुढे "सहा, सात" असं मोजावं लागतं. बेरजेची सुरुवात या पुढे मोजण्यातून होते. मग एकेक मणी बाहेर काढत जा. शेवटचा मणी बाहेर आल्यावर आत काय उरलं, या प्रश्नातून शून्य भेटतं. "काहीच नाही" यालाही एक संख्या आहे, हे मुलाला इथे पटतं.

बोटांवर मोजणाऱ्या मुलाला अडवू नका. बोटं हे दहाचं साधन मुलाबरोबर सतत असतं. मनात चित्र पक्कं झालं की त्यांचा वापर हळूहळू आपोआप कमी होतो.

दहाचा गठ्ठा

एकेक करून चाळीसपर्यंत मोजणाऱ्या मुलाला तेवीस या संख्येची घडण कळली आहे, असं समजू नये. त्यासाठी हातात काड्या हव्यात. खराट्याचे हीर सारख्या लांबीचे तोडा, मुलाला दहा-दहा मोजून रबर लावू द्या. हे गठ्ठे तुम्ही बांधून देऊ नका. दहा सुट्यांचं एक दशक होतं, हे मुलाच्या हाताला कळायला हवं. मग "दोन गठ्ठे आणि तीन सुट्या" म्हणजे २३. यातून पाच काड्या द्यायच्या असतील, तर गठ्ठा सोडावा लागतो. हातचा घेणं म्हणजे हेच.

नाणी-नोटा वापरायला घाई करू नका. दहाच्या नोटेत दहा रुपये दिसत नाहीत, ते मानून चालावं लागतं. आधी सोडता येणारा गठ्ठा, मग दहा-दहाच्या दोन रंगांत ओवलेली शंभर मण्यांची माळ आणि त्यानंतर दहाची नोट व एकेक रुपयाची नाणी, असा क्रम ठेवला तर पैशाचा व्यवहारही मुलाला नीट उलगडतो.

मराठीतून मोजताना

मराठी मुलांपुढे एक खास अडचण असते आणि ती मोठ्यांनी समजून घ्यायला हवी. २३ लिहिताना आधी दोन येतो, मग तीन. बोलताना मात्र "तेवीस"मध्ये तीन आधी येतो आणि वीस नंतर. म्हणून मूल बेचाळीस ऐकतं आणि २४ लिहितं. मुलाने ऐकलं तसं लिहिलेलं असतं. त्याला निष्काळजी म्हणणं अन्यायाचं आहे.

दुसरी अडचण एकोणिसाच्या कुळाची. "एकोणतीस"मध्ये तीस ऐकू येतं, म्हणून मूल ३९ लिहितं. "एकोणसत्तर" ऐकून ७९ लिहितं. एकोण म्हणजे एक कमी, हे संख्यारेषेवर चालून दाखवा. अंगणात खडूने रेषा आखा, तीसवर उभं करा आणि एक पाऊल मागे यायला सांगा. तिथे काय लिहिलं आहे? २९. मग चाळीस, पन्नास, साठ असं एकेक घेत एकोणनव्वदपर्यंत जा. ९९ ला मात्र आपण एकोणशंभर म्हणत नाही, नव्व्याण्णव म्हणतो, हेही तिथेच सांगून टाका. त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव ही नावं एकाच दिवशी एकत्र शिकवू नका. कानाला ती फार जवळची वाटतात.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका मांडली होती: उलटा क्रम आणि जोडाक्षरं यांमुळे मुलं अडखळतात, ती अडचण कमी व्हावी. कन्नडसारख्या शेजारच्या भाषेत दशक आधी आणि एकक नंतर असंच बोललं जातं, हेही खरं आहे.

वाद बाजूला ठेवून घरी आणि वर्गात दोन्ही रूपांचा उपयोग करा. काड्या हातात असताना "वीस आणि तीन" म्हणा, कारण डोळ्यांसमोर तेच आहे. लगेच "म्हणजे तेवीस" असं जोडा. बाजारात, कॅलेंडरवर, पानाच्या क्रमांकावर तेवीसच ऐकू येणार आहे, तेव्हा ते नाव मुलाला यायलाच हवं. पहिल्या रूपातून संख्येची रचना कळते, दुसऱ्यातून व्यवहार चालतो.

अंकलेखनाचंही असंच. घरात देवनागरी आणि शाळेत इंग्रजी अंक अशी सरमिसळ असेल, तर देवनागरी ४ आणि इंग्रजी आठ, किंवा देवनागरी १ आणि इंग्रजी नऊ यांत मूल गोंधळू शकतं. एका पद्धतीत दहापर्यंत पक्कं होऊ द्या, मग दुसरी आणा. "दोनशे पाच" हे २००५ असं लिहिणारं मूलही ऐकलेलं जसंच्या तसं उतरवत असतं. शंभराचे दोन मोठे गठ्ठे, दशकाची रिकामी जागा आणि पाच सुट्या काड्या मांडल्या, की मधलं शून्य एकच का, ते दिसतं.

आता प्रश्न: कशाचं किती?

इथपर्यंत मोजायचं कसं ते पाहिलं. कशासाठी, याचं उत्तर माहितीच्या कामातून मिळतं. गोळा करणं, वेगळं करणं, मांडणं आणि मांडलेलं वाचणं या चार पायऱ्या पहिलीच्या मुलालाही जमतात.

सुरुवात वर्गाबाहेर काढलेल्या चपलांपासून करा. प्रश्न असा ठेवा: आपल्या वर्गात कोणत्या प्रकारचं पायताण जास्त आहे? प्रकार मुलांनाच ठरवू द्या. कुणी रंग म्हणेल, कुणी पट्ट्याच्या, अंगठ्याच्या आणि बूट असे गट सुचवेल. पट्टाही आहे आणि अंगठाही आहे अशी एखादी चप्पल हमखास निघते. तिचं काय करायचं, यावर मुलांना भांडू द्या. गट करण्याचा नियम आधी स्पष्ट हवा आणि एक वस्तू एकाच गटात जायला हवी, हे त्या भांडणातून त्यांना कायमचं कळतं. आणखी एक गोष्ट ठरवून घ्या: चपला मोजायच्या की जोड? बारा जोड म्हणजे चोवीस चपला. काय मोजतो आहोत, हे ठरल्याशिवाय किती याला अर्थ नसतो.

मग मांडणी. जमिनीवर खडूने एक आडवी रेषा काढा आणि तिच्यावर सारख्या मापाच्या चौकोनांचे उभे रकाने आखा. एका चौकोनात एक जोड. सारखे चौकोन का? बूट मोठे असतात, ते सलग ठेवले तर त्यांची रांग लांब दिसते आणि जास्त वाटते. हे मुलांना आधी सांगू नका. एकदा चौकोनांशिवाय मांडू द्या, रांगा बघू द्या, मग मोजून पाहू द्या. दिसतं एक आणि मोजल्यावर निघतं दुसरं, हे पाहिल्यावर मुलं चौकोन स्वतःच मागतात. पुढे सहावीत स्तंभालेख काढताना हीच सारखी जागा आणि हीच एक पायाची रेषा लागते.

दुसऱ्या दिवशी त्याच रचनेची चित्रं फळ्यावर काढा. तिसऱ्या दिवशी चित्रांऐवजी खुणा करा: चार उभ्या रेघा आणि पाचवी त्यांच्यावरून तिरपी. पाचापाचाचे गट पडल्यामुळे "पाच, दहा, पंधरा" असं मोजता येतं. शेवटी त्या खुणांची संख्या लिहून तक्ता करा. वस्तू, चित्र, खूण, अंक हा क्रम मोडू नका. आपल्याला सोपा वाटणारा तक्ता मुलासाठी सर्वांत शेवटची पायरी आहे.

मटाराच्या शेंगा

दुसरी-तिसरीच्या मुलांसाठी थंडीत मटार सोलण्याचं काम उत्तम. प्रश्न असा: एका शेंगेत किती दाणे असतात? मोठ्यांनाही याचं नेमकं उत्तर ठाऊक नसतं, म्हणून मुलांना ते शोधून काढण्यात रस वाटतो. सोलण्याआधी प्रत्येकाचा अंदाज कागदावर लिहून घ्या. मग एकेक शेंग सोलायची, दाणे मोजायचे आणि टरफल त्या संख्येच्या रकान्यात एका चौकोनात ठेवायचं.

समजा, वीस शेंगा सोलल्या. तीन दाण्यांची एक शेंग निघाली, चार दाण्यांच्या तीन, पाचाच्या चार, सहाच्या सहा, साताच्या चार आणि आठाच्या दोन. आता प्रश्न विचारा, पण ते तीन पायऱ्यांनी वाढवत न्या.

पहिल्या पायरीवर जे दिसतं ते वाचायचं. पाच दाण्यांच्या शेंगा किती? सर्वांत उंच रांग कोणती? दुसऱ्या पायरीवर तुलना आणि हिशेब. सहाच्या शेंगा पाचाच्या शेंगांपेक्षा कितीने जास्त? सातपेक्षा कमी दाणे असलेल्या शेंगा एकूण किती? (चौदा.) तिसऱ्या पायरीवर मांडलेल्याच्या पुढचा विचार. पुढची शेंग उचलली, तर किती दाणे निघतील असं वाटतं आणि का? "नक्की सांगता येणार नाही, पण बहुतेक पाच, सहा किंवा सात," असं उत्तर एखाद्या मुलाने दिलं, तर त्याचं मनापासून कौतुक करा. संख्याशास्त्राची समज इथे सुरू होते.

या कामात एक अडचण येते. सर्वांत जास्त काय, असं विचारलं की काही मुलं "आठ" म्हणतात. इथे दोन प्रकारच्या संख्या आहेत: शेंगेतल्या दाण्यांची आणि तशा शेंगांची. म्हणूनच लहानांना आधी चपलांसारख्या नावाच्या गटांवर काम द्यावं आणि मटार त्यानंतर घ्यावा. गोंधळ झाला तर आठच्या रकान्यातल्या दोन टरफलांवर बोट ठेवून विचारा, "अशा शेंगा किती निघाल्या?"

तिसरीच्या मुलांना सगळे दाणे दहा-दहाच्या ढिगांत लावायला सांगा. वरच्या उदाहरणात अकरा ढीग आणि पाच सुटे, म्हणजे ११५ दाणे होतात. तेच उत्तर तीन एके तीन, चार त्रिक बारा, पाच चोक वीस, सहा सक छत्तीस, सात चोक अठ्ठावीस आणि आठ दुणे सोळा यांची बेरीज करूनही येतं. पाढे इथे कामाला येतात. पाठ केलेल्या गोष्टीचा उपयोग दिसला, की ती ओझं वाटत नाही.

पाऊस, हजेरी आणि खिचडी

जून ते सप्टेंबर पावसाचा तक्ता ठेवा. रोज ठरलेल्या वेळी त्या दिवसाच्या घरात छत्री, ढग किंवा सूर्य काढायचा. पाऊस किती पडला की छत्री काढायची, हा नियम पहिल्याच दिवशी ठरवा. जुलै संपला की तिन्ही चित्रांची बेरीज ३१ यायला हवी. ती आली नाही, तर काहीतरी सुटलं किंवा दोनदा धरलं गेलं आहे. एखाद्या दिवशी नोंद राहिली, तर ते घर रिकामं ठेवायला सांगा आणि बेरीज करताना तेही धरा. आठवत नसताना अंदाजाने चित्र भरायचं नाही. माहितीशी प्रामाणिक राहण्याची ही सवय लहानपणीच लागावी.

शाळेत रोजची हजेरी हा हाताशी असलेला सर्वांत जिवंत आकडा आहे. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य धरलेलं असतं. दहा मुलांना एक किलो तांदूळ, तर आज हजर असलेल्या चाळीस मुलांना किती? मुलांनी मोजलेल्या हजेरीवर स्वयंपाकघरातलं माप ठरतं, हे त्यांना दाखवा. आपण मोजलेलं कुणाच्या तरी कामी आलं, याचा अभिमान मुलाच्या चेहऱ्यावर दिसतो.

दोन शिक्षकांची शाळा असेल आणि इयत्ता एकत्र बसत असतील, तर हे काम आणखी चांगलं होतं. पहिलीची मुलं वस्तू वेगळ्या करतात, दुसरीची खुणा करतात, तिसरीची तक्ता लिहून प्रश्न काढतात. काम एकच राहतं आणि प्रत्येकाला आपापल्या पातळीचा वाटा मिळतो.

साधनांना पैसे लागत नाहीत. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं आणि अनुताई वाघ यांच्यासह ते पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेलं. बिया, शिंपले, खडे, पानं अशा परिसरातल्या वस्तूच तिथे मुलांची साधनं होती. आज आपल्याभोवतीही चिंचोके, सागरगोटे, बाटल्यांची झाकणं, सीताफळाच्या बिया आहेत. मात्र अगदी लहान मुलं वस्तू तोंडात, नाकात घालतात, तेव्हा त्यांच्याजवळ बसूनच हे काम करा.

किती अपेक्षा ठेवावी?

केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात ढोबळ टप्पे दिलेले आहेत. पहिलीच्या आधीच्या वर्गात, म्हणजे बालवाटिकेत, दहापर्यंतचे अंक ओळखणं आणि वाचणं, पहिलीअखेर ९९ पर्यंतच्या संख्या, दुसरीअखेर ९९९ पर्यंतच्या आणि तिसरीअखेर ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता येणं, पहिलीत साधी बेरीज-वजाबाकी, तिसरीत साधे गुणाकार. तीन-चार वर्षांच्या मुलाकडून शंभरपर्यंत पाठांतराची घाई का करू नये, याचं उत्तर या यादीतच आहे. दहापर्यंतची खरी समज हे त्या वयाचं पुरेसं मोठं काम आहे.

घड्याळ लावून उत्तरं मागू नका. भावंडाशी तुलना करू नका. चूक झाली तर "चुकलं" म्हणण्याऐवजी "तू कसं मोजलंस, मला दाखव" असं म्हणा. दाखवताना बहुतेक मुलांना आपली चूक स्वतःच सापडते आणि मूल कुठे अडलं होतं ते तुम्हालाही कळतं.

नियमित शाळा, वस्तूंवरचं भरपूर काम आणि प्रेमाने दिलेला वेळ असूनही दुसरीच्या शेवटी मुलाला दहा-बारा वस्तूंची संख्या सांगता येत नसेल, दोन लहान संख्यांतली मोठी कोणती हे कळत नसेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या आणि मग विशेष शिक्षक किंवा बालमानसतज्ज्ञ यांचा सल्ला घ्या. गणिताशी संबंधित अध्ययन अक्षमतेला डिसकॅल्क्युलिया म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतांमध्ये तिचा समावेश आहे. अशा मुलाला आळशी म्हणू नये. त्याला मदतीचा हक्क आहे.

एका आठवड्यापुरतं

रोज दहा मिनिटं पुरतात. सोमवारी ताटं-वाट्या मोजून मांडणं. मंगळवारी दहाच्या चौकटीचा खेळ. बुधवारी वाटीखाली मणी लपवणं. गुरुवारी काड्यांचे गठ्ठे आणि दोन-तीन संख्यांची दोन्ही नावं. शुक्रवारी सापशिडी. शनिवारी बाजारातून आणलेल्या भाजीचे गट करून खडूच्या चौकोनांत मांडणी. रविवारी त्या मांडणीवर तीन प्रश्न: एक वाचायचा, एक तुलनेचा आणि एक अंदाजाचा. शेवटचा प्रश्न मुलाने तुम्हाला विचारावा.

या आठवड्यात मुलाला अंक म्हणून दाखवायला सांगू नका. घरात ज्याचं उत्तर कुणालाच माहीत नाही असा एक साधा "किती?" शोधा, मुलाच्या हाती सोपवा आणि त्याने मोजून आणलेल्या उत्तरावर खरोखर एखादा निर्णय घ्या.